फुटस्क्रेचे डावे

मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात आम्ही घर घेतलं, त्या दिवशीची गोष्ट. सामानाचा ट्रक अजून दारातच होता. बायको कलश घेऊन उंबऱ्यात उभी, सांगलीहून सासूबाई फोनवर दिसत होत्या आणि "उजवा पाय, उजवा पाय" असा जप चालला होता. तेवढ्यात कुंपणापलीकडून पांढऱ्या भुवयांचं एक डोकं वर आलं. त्या डोक्याने नाव विचारलं नाही, देश विचारला नाही, नोकरी कुठे करतोस हेही विचारलं नाही. सरळ म्हणालं, "विच फुट?"

मला वाटलं, म्हाताऱ्याला आपल्या गृहप्रवेशाची माहिती आहे. काय कौतुक वाटलं! मी रुबाबात सांगितलं, "राइट."

स्थळ चांगलं आहे पण पत्रिका जुळत नाही, हे कळल्यावर मुलीच्या मामाचा चेहरा पडतो, तसा त्यांचा पडला. "जाऊ दे," ते म्हणाले, "त्यात तुझा काय दोष?" आणि डोकं कुंपणाआड गेलं.

हे २०१५ साल. आजोबा तेव्हा चौऱ्याहत्तरचे होते. इथे ऐंशीच्या माणसालाही पोरंसोरं नावाने हाक मारतात, पण आमच्या जिभेला ते जमेना. मग मुलीने परस्पर बारसं उरकलं, 'डावेआजोबा'. महाराष्ट्र मंडळातली मंडळी घरी आली की हमखास विचारतात, "डावे? मूळचे कुठले हो?" मी सांगतो, "फुटस्क्रेचे." एकदोघांनी मान डोलावून "हो, आहेत तिकडे" असंही म्हटलेलं आहे.

डावेआजोबांचं जग समजायचं तर आधी त्यांचा खेळ समजायला हवा. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, म्हणजे इथल्यांच्या तोंडात 'फूटी'. मैदान अंडाकृती, चेंडूही अंडाकृती, प्रत्येक बाजूला अठरा गडी. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने चेंडू गेला की सहा गुण, बाजूच्या बुटक्या खांबांतून गेला की एक. म्हणजे हुकलात तरी दक्षिणा मिळते. चेंडू हातात धरून पळायचं आणि हातातून पायावर सोडून उडवायचा. सगळी गोम या सोडण्यात आहे. उजव्या पायाने मारायचं तर उजवा हात चेंडूला खाली पोचवतो, डाव्याने मारायचं तर डावा. लांबट चेंडू पायावर बोटभर वाकडा पडला तरी शेजारच्या उपनगरात जातो. त्यामुळे बहुतेक गडी आयुष्यभर एकाच पायाचे पाईक राहतात. प्रतिस्पर्ध्याचंही पहिलं काम हेच, की समोरच्याला त्याच्या नावडत्या पायाकडे ढकलायचं.

या खेळात उजव्या पायाचे खूप, डाव्या पायाचे थोडे. आणि थोडं असलं की त्याचं सोनं होतं. टीव्हीवरचे समालोचक डाव्या पायाचा उल्लेख कायम विशेषणासकट करतात. 'सुशिक्षित डावा पाय' हे तर त्यांचं पेटंट. उजव्या पायाला कुणी शिकलेला म्हणत नाही. तो आपला सरकारी कारकून, वेळेवर येतो, काम करतो, जातो. डावा पाय मात्र गवई. त्याने नुसती तान घेतली तरी आजोबा गुडघ्यावर थाप मारून "ब्यूटी!" म्हणतात. तोच चेंडू तितक्याच अंतरावर उजव्या पायाने गेला, तर म्हणतात, "गेला खरा."

आजोबांना माणसांची नावं राहत नाहीत, पाय राहतात. नळ दुरुस्त करणारा 'तो उजवा', औषधाच्या दुकानातली मुलगी 'ती डावी, पण तिला माहीत नाही'. देशाचे पंतप्रधान बदलले की त्यांचा पहिला प्रश्न पक्षाचा नसतो. कुत्रासुद्धा त्यांनी डावा पंजा पुढे करणाराच पाळला आहे. योगायोग आहे असं ते म्हणतात. आजी म्हणतात की तीन पिल्लं परत करून झाल्यावर हा योगायोग घडला.

पाय ओळखण्याची त्यांची पद्धत मात्र भयंकर. विचारून खरं उत्तर येत नाही, कारण चेंडूला कधी लाथच न मारलेल्या माणसाला आपला पाय ठाऊक नसतो. म्हणून ते गप्पा मारत मारत तुमच्या मागे जातात आणि पाठीला हलकेच ढकलतात. तोल सावरायला जो पाय पुढे येतो, तो तुमचा पाय. हा प्रयोग त्यांनी पोस्टमनवर केला आहे, आमच्या इन्शुरन्सवाल्यावर केला आहे, आणि २०१७च्या हिवाळ्यात माझ्या सासऱ्यांवर केला.

सासरे सांगलीचे, तरुणपणी कबड्डी खेळलेले. विमानातून उतरून दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांच्या बागेत हात मागे बांधून गुलाब बघत होते. मागून धक्का बसल्याबरोबर ते पडले नाहीत. वळले, वाकले, आणि आजोबांचा घोटा धरला. माझ्या काळजाचं पाणी झालं. इमिग्रेशनच्या कागदांवर या घटनेची नोंद काय म्हणून होईल, इथपर्यंत मी पोचलो होतो. पण आजोबा एका पायावर उभे राहून आनंदाने ओरडत होते, "लेफ्ट! ही वेंट लेफ्ट!"

सासरे शांतपणे म्हणाले, "मी डावा कोपरारक्षक होतो."

मी भाषांतर करून सांगितलं, की कबड्डीत चढाई करणाऱ्याला पकडायला डावा कोपरा, उजवा कोपरा अशा ठरलेल्या जागा असतात. आजोबांनी सासऱ्यांना मिठी मारली. पुढचे तीन महिने प्रत्येक शनिवारी दुपारी हे दोघे सोफ्यावर शेजारी बसत. सामाईक भाषा शून्य. इकडून "लेफ्ट", तिकडून "डावा". मध्येच सासरे उठून चढाई करून दाखवत, आजोबा बिस्किटांच्या पुड्याने खांब दाखवत. एवढ्या शब्दसंग्रहावर माझा आणि सासऱ्यांचा संवाद अकरा वर्षांत झाला नव्हता.

डाव्यांमध्ये त्यांचं परमदैवत म्हणजे लान्स फ्रँकलिन, ज्याला सगळा देश 'बडी' म्हणतो. वास्तविक आजोबा वेस्टर्न बुलडॉग्ज क्लबचे, म्हणजे जुन्या फुटस्क्रे क्लबचे. बडी आधी हॉथॉर्नचा आणि मग सिडनीचा. पण डाव्या पायाला क्लब नसतो, असं त्यांचं मत. बडीचं वैशिष्ट्य असं, की गोल मारायला तो सरळ धावतच नसे. मागे जायचा, उभा राहायचा आणि मग डावीकडे कमान टाकत असा निघायचा, की वाटावं हा गोल विसरून पाव आणायला चालला. आणि त्या वाकड्या वाटेवरूनच डावा पाय फिरायचा आणि चेंडू वळून खांबांच्या मधोमध. इतरांनी असं केलं तर पंच त्याला खेळ सुरू झाला असं धरतात. बडीला मात्र ती त्याची 'नैसर्गिक कमान' म्हणून चालवून घेत. यावर उजव्यांनी वर्षानुवर्षं कुरकुर केली. आजोबा म्हणायचे, "नदीला सरळ जा म्हणून कुणी सांगतं का?" २५ मार्च २०२२ला सिडनीत बडीने हजारावा गोल मारला, तेव्हा हजारो माणसं मैदानात धावली. हजार गोलांपर्यंत पोचलेला तो सहावाच खेळाडू. आजोबांनी त्या रात्री आमची घंटा वाजवली आणि काही न बोलता फक्त हवेत एक कमान काढून परत गेले.

हॉथॉर्नचे एके काळचे प्रशिक्षक अॅलिस्टर क्लार्कसन यांचं नाव निघालं की त्यांचा आवाज देवळात आल्यासारखा खाली येतो. या गृहस्थांनी ठरवून डावे गोळा केले. बडी, ग्रँट बर्चल, मॅट सकलिंग; कप्तान ल्यूक हॉज तर आधीपासूनच होता. आणि २००८, मग २०१३, १४, १५ अशी चार विजेतेपदं नेली. आजोबा बोटांवर मोजून दाखवतात, अर्थात डाव्या हाताच्या. २०१५च्या विजयी संघात उजवे किती होते असं मी एकदा विचारलं. त्यांना ऐकू आलं नाही. कानाचं यंत्र उजव्या बाजूला आहे.

दोन्ही पायांनी सारखंच मारणाऱ्यांबद्दल मात्र त्यांना संशय असतो. हॉथॉर्नचाच सॅम मिचेल घ्या. त्याचा खरा पाय कुठला हे ओळखता येऊ नये इतका तो दोन्हींनी सफाईदार. आजोबांच्या लेखी हा माणूस म्हणजे दोन गावांत रेशनकार्ड असलेला. फक्त बॉब स्किल्टनना ते यातून सूट देतात. साउथ मेलबर्नचे स्किल्टन, तीनदा ब्राउनलो पदक, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळवलेले, दोन्ही पाय तितकेच तिखट. "तो वेगळा काळ होता," ते म्हणतात. त्यांच्या वयाच्या माणसाच्या तोंडी हे वाक्य म्हणजे पूर्णविराम.

आजींनी सांगितलेली लग्नाची गोष्ट तर मी निदान दहा जणांना ऐकवली आहे. जुन्या ऑस्ट्रेलियात कॅथलिक माणसाला टोपणनावाने 'लेफ्ट-फुटर' म्हणत. आयर्लंडकडचे कॅथलिक शेतकरी फावडं डाव्या पायाने दाबत, त्यावरून ते पडलं म्हणतात. आजींचं घराणं कट्टर प्रोटेस्टंट, आणि त्या काळी या दोन पंथांत सोयरीक म्हणजे आपल्याकडे पोटजातीबाहेर जाण्याइतकंच अवघड. आजींच्या आजीने विचारलं, "मुलगा लेफ्ट-फुटर तर नाही ना?" आजी लाजून म्हणाल्या, "हो, आणि इतका सुंदर!" घरात दोन दिवस चूल पेटली नाही. मुलाचे वडील प्रोटेस्टंट चर्चमध्ये वर्गणी गोळा करतात हे कळेपर्यंत लग्न अडलं ते अडलंच.

आमच्या भाषेत डाव्याचं काय स्थान आहे, असं त्यांनी मला एकदा विचारलं. मी खरं सांगण्याची चूक केली. नवी सून उजव्या पायाने माप ओलांडते. कोकणात देवाने उजवा कौल दिला की काम होतं. एकापेक्षा दुसरा सरस असला की तो 'उजवा ठरतो'. आणि एखाद्याला बाजूला सारलं की त्याला 'डावललं'. आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढ्या मोठ्या देशात एकही चांगला शब्द नाही?" मला इतकं वाईट वाटलं की मी घाईघाईने 'डावपेच' पुढे केला. त्यातला डाव वेगळा, हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. ते खूश झाले. अजूनही चांगली खेळी बघितली की "डावपेच!" म्हणतात, आणि मी पाप गिळतो.

त्या दिवशी त्यांनी शाळेचं सांगितलं. मुळात ते डावखुरेच. डाव्या हाताने लिहिलं की बोटांवर पट्टी बसायची. वर्षभरात हात उजवा झाला. अक्षर आजही असं, की वाण्याच्या यादीतलं 'मिल्क' आजींना उजेडात धरून वाचावं लागतं. "हाताकडे सगळ्यांचं लक्ष होतं," ते म्हणाले, "बाकाखाली कुणी बघितलं नाही." आणि डावा बूट जरा हलवला. मला माझी आजी आठवली. मी डाव्या हाताने घास घेतला की ती माझं मनगट धरून ताटावरून उचलायची, रागावून नाही, नुसतं गाडी रुळावर ठेवावी तसं. तेव्हापासून मी उजवा. पायाचं मात्र मी त्या पहिल्या दिवशी गृहप्रवेशापुरतंच बोललो होतो, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. ढकलतील या भीतीने मी त्यांच्याकडे पाठच करत नाही.

गणपती आणि फूटीचे बाद फेरीचे सामने बहुतेकदा एकाच सुमारास येतात. पहिल्या वर्षी डावेआजोबा बुलडॉग्जचा लाल-पांढरा-निळा मफलर गळ्यात घालून दर्शनाला आले. मूर्तीसमोर उभे राहिले, मान तिरकी केली आणि कुजबुजले, "नैसर्गिक कमान!" सोंडेबद्दल बोलत होते. मी सांगितलं, हा डाव्या सोंडेचा, घरी हाच बसवतात. उजव्या सोंडेचा फार कडक, त्याचं सोवळंओवळं सांभाळणं सोपं नाही. त्यांना आपला देव बघायला मिळाल्याचा आनंद झाला. पण लगेच शंका आली, "डावी म्हणजे कुणाची डावी? माझी की त्याची?"

त्याची, म्हटलं.

"बरोबर," ते म्हणाले. "आमच्यातही असंच." मैदानाचा डावा कोपरा बघणाऱ्याचा नसतो, गोलकडे तोंड करून हल्ला करणाऱ्याचा असतो. आणि गंमत अशी की डाव्या पायाच्या खेळाडूला गोलजवळचा उजवा कोपरा लाभतो, कारण तिथून त्याचा चेंडू मैदानाच्या बाजूने निघून गोलकडे वळतो. हे सगळं त्यांनी आरतीच्या तबकातली सुपारी सरकवून समजावलं. सासूबाई फोनवर बघत होत्या. सुपारी म्हणजे कोण, हे त्यांना ठाऊक होतं, आजोबांना नव्हतं. मी फोनचा कॅमेरा छताकडे वळवला.

प्रसादाला त्यांनी डावा हात पुढे केला. बायकोने हळूच सांगितलं, "उजवा, आजोबा." त्यांनी हात बदलला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला, "स्कूल अगेन." मोदक मात्र चार खाल्ले.

२०१६च्या अंतिम सामन्याची शनिवारची दुपार मी विसरणार नाही. बुलडॉग्जनी विजेतेपद मिळवलं होतं ते १९५४ साली, एकदाच. आजोबा तेव्हा तेरा वर्षांचे. त्यानंतर बासष्ट वर्षं नुसती वाट. आणि आता समोर सिडनी, म्हणजे बडी. काळीज फुटस्क्रेचं, पाय बडीचा. सकाळपासून त्यांनी आजींशी भांडण काढलं, कुत्र्याला दोनदा जेवू घातलं. शेवटी तोडगा काढला की बडीने मारावं सुंदर, पण जावं बुटक्या खांबांतून. आणि बुलडॉग्जकडून मारावं मार्कस बाँटम्पेलीने, वीस वर्षांचं लांबसडक पोर आणि अर्थातच डावं. बुलडॉग्ज बावीस गुणांनी जिंकले. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजनी आपलं पदक दुखापतीमुळे बाहेर बसलेल्या कप्तान बॉब मर्फीच्या गळ्यात घातलं, तेव्हा आजोबा उठून स्वयंपाकघरात गेले. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर येऊन म्हणाले, "कांदा चिरत होतो." घरात कांदा नव्हता, आजींनी थोड्या वेळाने तो आणायला मला माझ्याच घरी पाठवलं.

पुढच्या वर्षी बायकांची फूटी लीग सुरू झाली आणि आमच्या मुलीने चेंडू हवा म्हणून हट्ट धरला. मुलगी उजव्या हाताने लिहिते, उजव्या हाताने जेवते, त्यामुळे आमच्या मनात काही शंका नव्हती. आजोबांनी तिला ढकललं नाही, सहा वर्षांची होती. त्यांनी जुना लाल शेरिन चेंडू आणला, तिच्यासमोर गवतावर घरंगळत सोडला आणि पाठ करून उभे राहिले. म्हणाले, मला आवाजावरून कळतं. धप्प झालं. ते वळले नाहीत. मी आत होतो, मला हाक मारली, त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावाने.

सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर पहिला प्रश्न, "मुलीच्या जातीला डावा पाय? सासरी जाताना माप कसं ओलांडेल?" मागून सासरे म्हणाले, "फुटबॉलच्या चेंडूसारखं."

२०२३च्या हिवाळ्यात आजोबांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सर्जन शाईने उजव्या पायावर खूण करून गेले, तरी यांनी नर्सकडून पेन मागून डाव्या पायावर लिहिलं, 'नॉट धिस वन'. अक्षर ते. आजी म्हणतात, कुणालाच वाचता आलं नाही म्हणून वाचले. त्याच हिवाळ्यात बडी निवृत्त झाला. आजोबा म्हणाले, आमचं दोघांचं बरोबरच थांबलं.

सप्टेंबरात गणपतीला ते काठी टेकत आले. सासू-सासरे तेव्हा इथेच होते. आमच्या दाराला तीन पायऱ्या. फिजिओथेरपिस्टने बजावलं होतं, चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. म्हणजे चढताना डावा. आठ वर्षं आमच्या घरी येऊन त्यांना आमचाही नियम पाठ झालेला, देवाच्या दिवशी उंबऱ्यात उजवा. पायऱ्या चढले आणि उंबऱ्यापाशी अडकले. एकदा डाव्या बुटाकडे बघितलं, एकदा सासूबाईंकडे. सासूबाई आरतीचं ताट घेऊन दारात. मागे मुलगी, मफलर घालून. आत घंटा थांबली.

सासूबाईंनी ताट जरा बाजूला घेतलं. "अहो, डावाच टाका," त्या म्हणाल्या, "पडाल नाहीतर."

आजोबांना एवढाच एक मराठी शब्द पक्का येत होता. त्यांनी डावा टाकला, आत आले, आणि सासूबाई ताट ठेवायला वळल्या तशी त्यांच्या पाठीकडे एकटक बघू लागले. मी धावत जाऊन मध्ये उभा राहिलो.